विदर्भातील गावशाळेचा वर्ग जगाशी कसा जोडावा

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिथून इंग्लंडच्या गिरण्यांना होणारा कापसाचा पुरवठा तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मोठी मागणी आली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी वेगळा फाटा टाकला गेला आणि पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावर ‘शकुंतला’ ही छोटी रेल्वेगाडी धावू लागली. या सगळ्यामागे कापूस होता. त्यामुळे विदर्भातले खेडे जगापासून तुटलेले आहे, हे मला मान्य नाही. माल दीडशे वर्षांपासून जात-येत आहे. त्या व्यवहारात आपल्या शाळेतल्या मुलामुलींना बोलण्याची संधी मात्र मिळाली नव्हती, आणि आज एक स्मार्टफोन, शाळेतला दूरदर्शन संच आणि बऱ्यापैकी नेटवर्क एवढ्या साधनांवर ती देता येते. जिल्हा परिषदेच्या शाळांतील, आश्रमशाळांतील आणि लहान अनुदानित शाळांतील ज्या शिक्षकांना हे काम सुरू करायचे आहे, त्यांच्यासाठी पुढील मार्गदर्शन आहे.

बहुतेक ठिकाणी या कामाची सुरुवात व्हिडिओ कॉलने होते. मुले हात हलवतात, दोन्हीकडून एकेक गाणे होते, फोटो काढले जातात आणि संबंध तिथेच थांबतो. माझा आग्रह असा की, थेट भेट शेवटी ठेवावी आणि आधी दोन्ही वर्गांनी मिळून काही महिने चालणारे एखादे काम हाती घ्यावे. ज्यांनी एकमेकांची मोजमापे, चित्रे आणि प्रश्न वाचलेले असतात, त्या मुलांची भेट अर्ध्या तासाची असली तरी भरीव होते.

आधी विषय ठरवावा

विषय असा निवडावा की ज्यात आपली मुले जाणकार आहेत. पाठ्यपुस्तकातून घेतलेल्या विषयात पलीकडच्या शहरी शाळेची मुले आपल्या मुलांपेक्षा जास्त बोलतील आणि आपली मुले गप्प बसतील. शेतातला, तळ्यातला, जंगलातला विषय घेतला तर सांगण्यासारखे आपल्याकडे भरपूर असते.

यवतमाळ, अमरावती, अकोला, वर्धा या पट्ट्यात कापसाइतका चांगला विषय दुसरा नाही. आपल्याकडे पावसाच्या भरवशावर जून-जुलैमध्ये पऱ्हाटी लागते आणि दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू होऊन ती जानेवारीपर्यंत चालते. ब्राझीलच्या मातो ग्रोसो भागात आपली लावणी चालू असताना, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, कापूस निघत असतो. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स भागात आपली वेचणी सुरू होते तेव्हा पेरणी असते आणि एप्रिल-मे महिन्यांत पीक निघते. तिथे वेचणी यंत्राने होते, आपल्याकडे बाया हाताने वेचतात आणि मजुरी किलोवर ठरते. एका एकरात किती झाडे लावतात, पाणी कुठून येते, वेचायला किती माणसे लागतात, कापूस शेतातून निघाल्यावर कुठे जातो, असे चार-पाच प्रश्न दोन्ही वर्गांनी आपापल्या घरी विचारून आणले की भूगोल, गणित, विज्ञान आणि अर्थव्यवहार यांचा अभ्यास एकाच धाग्यावर उभा राहतो.

भंडारा-गोंदियाच्या शाळांनी धान आणि मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारांचे (जमीनदारांचे) तलाव, घ्यावेत. व्हिएतनाम किंवा फिलिपिन्समधल्या मुलांना रोवणीबद्दल सांगावे लागणार नाही, पण जुने मालगुजारी तलाव त्यांना नक्की नवे वाटतील. बुलढाणा जिल्ह्यातील शाळांच्या हाताशी लोणार आहे. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर २०२० मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ स्थळ म्हणून नोंदले गेले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाल्याचे मुलांच्या घरच्यांना आठवत असेल. अमेरिकेतील अ‍ॅरिझोनामध्ये सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे असेच एक प्रसिद्ध विवर आहे. गूगल अर्थवर दोन्ही विवरे शेजारी-शेजारी उघडून आकार, पाणी, झाडी आणि भोवतालची वस्ती यांची तुलना पाचवीचा वर्गसुद्धा करू शकतो. मेळघाट आणि गडचिरोलीच्या शाळांकडे मोहफुले, तेंदूपत्ता आणि जंगलातील वाटा आहेत.

ज्यांना विषय सुचत नाही त्यांनी पाऊस घ्यावा. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली कापून वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवावा, तळाचा खोलगट भाग खडे आणि पाण्याने भरून तिथे शून्याची खूण करावी, बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवावी आणि झाडांपासून, भिंतींपासून दूर, मोकळ्या जागेत हे पर्जन्यमापक पक्के बसवावे. रोज ठरलेल्या वेळी नोंद घ्यावी आणि पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणून ठेवावे. रविवारी आणि सणाच्या दिवशी नोंद कोण घेणार, हे शाळेशेजारी राहणाऱ्या दोन मुलांना आधीच सोपवून द्यावे, कारण मधले दिवस गळाले तर महिन्याची बेरीज निरुपयोगी होते. केनियातील एखाद्या शाळेशी जोडून घेतले तर मुलांना आणखी एक गोष्ट दिसते: तिथल्या बऱ्याच भागात मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर असा दोनदा पाऊस येतो, म्हणजे आपला पाऊस ओसरल्यावर त्यांच्या नोंदी वाढू लागतात.

जोडीदार शाळा

शाळांना जोडणारे जुने जाळे म्हणजे आयअर्न. त्याची सुरुवात १९८८ मध्ये न्यूयॉर्क आणि मॉस्को येथील शाळांना जोडण्यातून झाली. त्याची भारतातील शाखा पुण्यात आहे. तिथे चालू असलेले प्रकल्प पाहता येतात आणि सदस्यत्वाचे नियम आधी विचारून घेता येतात. निरीक्षणांच्या कामासाठी नासाच्या पुढाकाराने १९९५ मध्ये सुरू झालेला ‘ग्लोब’ हा कार्यक्रम आहे. त्यात जगभरच्या शाळा तापमान, ढग, पाऊस, माती यांच्या नोंदी एकाच पद्धतीने घेतात, त्यामुळे तुलना खरी होते. पक्ष्यांची आवड असलेल्या शाळेने फेब्रुवारीत होणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या जागतिक पक्षीगणनेत भाग घ्यावा. हिवाळ्यात विदर्भातील तलावांवर उतरणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस मंगोलिया-तिबेटकडच्या प्रदेशात वीण करतात, एवढे सांगितले तरी गावतलाव मुलांच्या नकाशात वेगळ्या जागी जातो.

इंग्रजीची भीती वाटते, म्हणून अनेक शिक्षक पुढे येत नाहीत. त्यांनी मॉरिशसचा विचार जरूर करावा. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मराठी समाज आहे आणि शाळांतून मराठी शिकवली जाते. त्या मुलांची रोजची बोली क्रिओल असते, म्हणून आपल्या मुलांनी सावकाश, सोप्या वाक्यांत बोलावे. उत्तर अमेरिकेतही बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत. त्या बहुधा सुट्टीच्या दिवशी भरतात, त्यामुळे थेट भेट अवघड जाईल. पत्रे आणि ध्वनिमुद्रणे यांसाठी मात्र त्या उत्तम आहेत.

परदेशी शिक्षकाला पहिले पत्र लहान आणि नेमके लिहावे. इयत्ता, मुलांची वये, विषय, किती महिने काम चालेल, कोणती भाषा चालेल, इंटरनेट कसे आहे आणि आपला वर्ग काय देऊ शकतो, एवढे त्यात असावे. उदाहरणार्थ: ‘आमचा सातवीचा वर्ग आहे. मुले बारा-तेरा वर्षांची आहेत आणि बहुतेक घरांत कापूस होतो. जुलै ते जानेवारी आम्ही एका शेतातील झाडांची दर पंधरा दिवसांनी नोंद घेणार आहोत. तुमच्या भागातील पिकाची अशीच नोंद तुम्ही घ्याल का? आम्ही फोटो आणि मोजमापे पाठवू; थेट भेट जानेवारीत किंवा त्यानंतर ठरवू.’ आपल्या अडचणींची यादी पहिल्याच पत्रात देऊ नये. शाळेला मदत मागणे आणि शाळांनी एकत्र काम करणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, नाहीतर समोरचा वर्ग आपल्या मुलांकडे कायम दात्याच्या नजरेने पाहू लागतो.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, आणि वेगवेगळ्या देशांतील मुलांना परस्परांशी जोडणे हा त्यांच्या कामाचा महत्त्वाचा भाग होता. ग्रामीण सरकारी शाळेतून हे काम होऊ शकते, याची शंका कोणी काढली तर एवढा दाखला पुरेसा आहे.

परवानगी आणि मुलांची सुरक्षितता

मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांना लेखी कळवावे आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवून ठराव घ्यावा. पालकांची संमती मराठीतून, समजेल अशा भाषेत घ्यावी आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती वाचून दाखवावी. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती हाताळणाऱ्या सेवेने पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती घेणे अपेक्षित आहे. म्हणून मुलांची स्वतंत्र खाती उघडूच नयेत. सारा व्यवहार शिक्षकाच्या किंवा शाळेच्या खात्यातून व्हावा. मुलांचे फक्त पहिले नाव वापरावे, मोबाईल क्रमांक देऊ नयेत, भेटीचे चित्रीकरण दोन्ही शाळांच्या संमतीशिवाय करू नये, आणि परदेशी मुलांचे फोटो आपल्या स्टेटसवर किंवा गावाच्या गटावर टाकू नयेत. एखाद्या पालकाने नकार दिला तर त्याच्या मुलाला वर्गाबाहेर बसवू नये. नोंदवही लिहिणे, नकाशा सांभाळणे, वेळ पाहणे अशी कॅमेऱ्याबाहेरची कामे त्याला द्यावीत.

पहिले काही महिने: पाठवणे आणि वाट पाहणे

या टप्प्यात नेटवर्क कमकुवत असले तरी बिघडत नाही, आणि हाच टप्पा सर्वांत जास्त शिकवतो. दर पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने एक ‘पाकीट’ पाठवावे: पाच-सहा फोटो, एक-दोन मिनिटांचा एखादा व्हिडिओ, मोजमापांचा तक्ता आणि मुलांचे तीन प्रश्न. दोन्ही वर्गांनी एकच गूगल स्लाइड्सची फाइल वापरली तर सगळे एका जागी राहते. व्हिडिओ घरूनच लहान आकारात करून न्यावा आणि गावातील ज्या जागी, ज्या वेळी नेट चांगले चालते तिथून चढवावा. ग्रामपंचायतीत भारतनेटची किंवा इतर जोडणी चालू असेल तर ग्रामसेवकांशी बोलून ती वापरता येते.

फोटो काढण्याचे काम मुलांवर सोपवावे. शिक्षक काढतो तेव्हा सगळी मुले रांगेत उभी राहतात. मुले काढतात तेव्हा बोंडावरची अळी, आजीच्या हातातली ओटी, धुऱ्यावरचे बाभळीचे झाड असे नेमके तपशील येतात, आणि पलीकडून प्रश्नही त्यांवरच येतात. नागपूर-वर्धा भागातील शाळांनी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा अवश्य टिपावा. लाकडी बैल सजवून नेणारी मुले आपली गोष्ट स्वतः सांगू शकतात.

भाषांतरासाठी गूगल ट्रान्सलेट किंवा केंद्र शासनाची भाषिणी ही सेवा वापरता येते. मजकूर लहान वाक्यांत लिहावा, एका वाक्यात एकच गोष्ट असावी, आणि झालेले भाषांतर पुन्हा मराठीत फिरवून पाहावे. अर्थ बदललेला दिसला तर मूळ वाक्य सोपे करावे. शेतीतील खास शब्द यंत्राला कळत नाहीत, म्हणून त्यांच्यासोबत फोटो द्यावा. गोंडी, माडिया किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलांनी आपल्या भाषेतून ध्वनिमुद्रण करावे आणि वर्गाने त्याचे मराठी करावे. त्या मुलांना वर्गात असा मान फार क्वचित मिळतो, म्हणून हे काम वगळू नये.

थेट भेटीची तयारी

वेळ हा पहिला प्रश्न. मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे आणि केनिया अडीच तास मागे आहे, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेअकरा वाजता मॉरिशसमध्ये दहा आणि केनियात नऊ वाजलेले असतात. दोन्हीकडे शाळा भरलेली असते. व्हिएतनाम दीड तास पुढे आणि जपान साडेतीन तास पुढे आहे, त्यामुळे जपानसाठी परिपाठानंतर लगेचची वेळ धरावी. ब्रिटन हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते, म्हणून दुपारी साडेतीनला बोलावे. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळे एक तास पुढे जातात आणि अंतर साडेचार तासांचे होते, हे विसरू नये. क्वीन्सलँड वर्षभर साडेचार तास पुढे असते. आपली शाळा अकराच्या सुमारास भरते तोवर त्यांची सुटलेली असते, पण उन्हामुळे आपल्याकडे सकाळची शाळा सुरू झाली की आपल्या साडेआठला तिथे दुपारचा एक वाजलेला असतो आणि त्यांचे कापसाचे पीकही निघायला आलेले असते. कापसाच्या प्रकल्पाची दुसरी भेट तेव्हाच ठेवावी. अ‍ॅरिझोना साडेबारा तास मागे आहे. त्या शाळेशी पाठवापाठवीवरच समाधान मानावे.

दिवस ठरवताना आठवडी बाजाराचा दिवस टाळावा. वेचणी भरात असताना अनेक मुले घरच्यांबरोबर शेतावर जातात किंवा लहान भावंडांसाठी घरी थांबतात, तेव्हा ज्यांनी काम केले तीच मुले भेटीला नसण्याची शक्यता असते. पालकांशी आधी बोलून दिवस पक्का करावा.

चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. चित्र अडखळले तरी संवाद चालतो, आवाज गेला की मुले हिरमुसतात. टिनाच्या छताखाली जोराच्या पावसात काहीच ऐकू येत नाही, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये थेट भेट ठेवू नये. वर्गात सतरंज्या अंथरल्या तर आवाज कमी घुमतो. बोलणाऱ्या मुलाने माईकजवळ येऊन बोलावे, आणि मुलांचे तोंड खिडकीकडे असावे, म्हणजे चेहऱ्यावर उजेड पडतो. फोन स्टँडवर किंवा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर स्थिर ठेवून वायरने किंवा वायरविना मोठ्या पडद्याला जोडावा. चित्राच्या दर्जानुसार तासाला अर्धा ते एक जीबी किंवा त्याहून जास्त डेटा लागतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे तयार ठेवावीत आणि आदल्या दिवशी त्याच वेळेला, त्याच खोलीतून चाचणी घ्यावी, कारण एकाच गावात सकाळचे आणि दुपारचे नेट सारखे नसते. वीजपुरवठा कधी बंद राहणार आहे, हे लाइनमनला विचारावे. शाळेत इन्व्हर्टर नसेल तर साधने पूर्ण भरून ठेवावीत. झूमची मोफत बैठक ४० मिनिटांत संपते. तीन किंवा अधिक ठिकाणांहून लोक जोडलेले असतील तर गूगल मीटची मोफत बैठक एक तास चालते. नेट गेलेच तर व्हॉट्सअ‍ॅपवर नुसत्या आवाजाने बोलावे, आणि मुलांची मुख्य उत्तरे आदल्या दिवशी ध्वनिमुद्रित करून पाठवून ठेवावीत.

भेट अर्ध्या तासाची पुरे. पहिल्या भेटीत जागा ओळखण्याचा खेळ चांगला रंगतो. त्यासाठी आपली जागा मुलांपासून दोन्ही शिक्षकांनी आधी लपवून ठेवलेली असावी, म्हणून हा खेळ मुख्य जोडीदाराऐवजी एखाद्या नव्या वर्गाबरोबर घ्यावा. ‘तुमच्या राज्याला समुद्रकिनारा आहे का?’, ‘तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला आहात का?’ असे फक्त हो किंवा नाही उत्तर येईल असे प्रश्न विचारत नकाशावर जागा शोधायची असते. दोन मुले प्रश्न विचारतात, चार नकाशावर काम करतात, दोन नोंदी ठेवतात, आणि गप्प राहणारी मुलेही कामाला लागतात. मुख्य जोडीदाराबरोबरच्या भेटी प्रकल्पाच्या प्रश्नांवरच घ्याव्यात. नृत्ये, फेटे आणि नऊवारी यांना स्नेहसंमेलनात जागा आहे. इथला अर्धा तास मुलांच्या बोलण्यासाठी राखून ठेवावा.

एक बाब फार जपून हाताळावी. विदर्भ हा शब्द इंटरनेटवर शोधला की शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या समोर येतात, आणि पलीकडचे एखादे मूल सरळ मनाने त्याबद्दल विचारू शकते. आपल्या वर्गात अशा घरातले मूल असू शकते. म्हणून समोरच्या शिक्षकाशी आधीच स्पष्ट बोलावे की, हा विषय मुलांच्या भेटीत येऊ देऊ नये. मोठ्या वर्गांना भाव, कर्ज आणि पाऊस यांवर बोलायचे असेल तर ते लेखी करावे, संबंधित मुलाला आणि त्याच्या घरच्यांना विचारून, आणि त्या मुलाला मागे राहायचे असेल तर राहू द्यावे.

काम टिकवणे

अ‍ॅप बदलतात. शाळांच्या भेटींसाठी एके काळी सर्रास वापरले जाणारे स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले. म्हणून पत्रव्यवहार, फोटो आणि तक्ते यांची एक प्रत शाळेच्या संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर ठेवावी आणि महत्त्वाच्या नोंदी वहीत उतरवाव्यात. समोरच्या शिक्षकाचा ईमेल व्यक्तीच्या फोनमध्ये न राहता शाळेच्या दप्तरात असावा.

वर्षाचे वेळापत्रक साधारण असे बसते: जूनअखेर शाळा उघडल्यावर विषय आणि नोंदींची तयारी, जुलै-ऑगस्टमध्ये पत्र आणि पहिले पाकीट, दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आणखी दोन पाकिटे, जानेवारीत थेट भेट, मार्च-एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेतली दुसरी भेट. युरोपच्या शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये मोठी सुट्टी असते, त्यामुळे त्यांच्याकडून उत्तर सप्टेंबरातच येईल, हे मुलांना आधी सांगून ठेवावे.

मुलांनी तयार केलेले तुलनेचे तक्ते ग्रामसभेत मांडावेत. दुसऱ्या देशात कापूस कसा वेचतात, याबद्दल गावातील शेतकरी मुलांना बारकाईने प्रश्न विचारतील, आणि ज्यांची उत्तरे येत नाहीत ते प्रश्न पुढच्या पाकिटात घालता येतील. बदली झाली तर जाण्यापूर्वी नव्या शिक्षकाची समोरच्या शिक्षकाशी एका कॉलवर ओळख करून द्यावी, संमतीपत्रांची आणि नोंदींची फाइल त्यांच्या ताब्यात द्यावी, आणि पुढचे पाकीट कोणत्या तारखेला जायचे आहे, हे त्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.